टोकनाची पिग्मी

"मामा, ९४ टोकन झालेत. कशावर घालू?"

खानापूरला अक्काच्या दारात मी अजून चपला काढत होतो, तोवर भाच्याने मोबाईल नाकासमोर आणला. पोरगं नववीत आहे. गणपतीपासून टोकन साठवतोय हे मला ठाऊक होतं, कारण टॉप इलेव्हन हा फुटबॉलचा खेळ त्याच्या मोबाईलवर घालून दिला तो मीच. रोज जाहिरातींचे व्हिडिओ बघून थोडे थोडे टोकन गोळा करायचा आणि रविवारी मला आकडा कळवायचा. माझ्या मागून बाबा पायऱ्या चढून आले.

"किती झालेत म्हणतोय?"

"चौऱ्याण्णव."

"रुपये?"

"नव्हे, टोकन."

बाबा "बरं" म्हणाले, तांब्यातलं पाणी प्यायले आणि ओसरीवर भिंतीला टेकून बसले. २६ वर्षं त्यांनी घरोघर, दुकानोदुकान फिरून पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, गोळा केली. कुणी काही साठवलंय असं कानावर आलं की त्यांचं लक्ष आपोआप तिकडे जातं, मग ते काहीही असो.

भाच्याला म्हटलं, आधी जेवू या. त्या प्रश्नाचं उत्तर मला एका दमात देता येत नाही. दहा-बारा वर्षं मी हा खेळ खेळतोय, आणि टोकन कशावर खर्चावेत यापेक्षा ते कुठल्या घटकेला खर्चू नयेत हेच मला जास्त कळलंय. ते चौदा वर्षांच्या पोराला कसं सांगायचं हा विचार पानावर बसूनही सुटला नाही.

खेळ म्हणजे टॉप इलेव्हन. सर्बियातल्या बेलग्रेडच्या नॉर्डियस कंपनीने २०१० साली तो काढला, आधी फेसबुकवर, मग मोबाईलवर. नामांकित फुटबॉल प्रशिक्षक जोझे मोरिन्यो त्याच्या जाहिरातीत दिसायचे. यात आपण चेंडूला पाय लावत नाही, आपण मॅनेजर. खेळाडू घ्यायचे, विकायचे, सराव द्यायचा, कोण कुठे उभा राहणार ते ठरवायचं, स्टेडियम वाढवायचं. सामना ठरल्या वेळी आपोआप होतो. एक मोसम २८ दिवसांचा, एका लीगमध्ये १४ संघ, आणि समोर बसलेली माणसं माझ्यासारखीच, कुणी तुर्कस्तानातला, कुणी इंडोनेशियातला, दिवसभर काम करून रात्री संघ लावणारी. माझ्या क्लबचं नाव 'तिसरं गेट एफसी'. बेळगावात टिळकवाडीचं तिसरं रेल्वे गेट ओलांडून मी उद्यमबागला कामाला जायचो. गेट पडलं की गाडी बंद करून उभं राहायचं. २०१३ च्या पावसाळ्यात, रेनकोटच्या टोपीखाली मोबाईल झाकत, माझा पहिला संघ मी तिथेच उभा राहून निवडला.

खेळात पैसा दोन तऱ्हेचा. एक रोख, ती तिकिटांतून, प्रायोजकांकडून, खेळाडू विकून येत राहते. दुसरे टोकन. हे ठिबकतात. रोज थोडे, जिंकल्यावर थोडे, व्हिडिओ बघून थोडे, नाहीतर खिशातले खरे पैसे भरून पाहिजे तेवढे. लिलावात खेळाडूवर बोली लावायची तर टोकन लागतो, बांधकाम लवकर उरकायचं तरी टोकनच. शिवाय तीन रंगांच्या पुड्या असतात. हिरवी दिली की खेळाडूचा दम १५ टक्क्यांनी भरतो, लाल दुखापतीवर, निळी मन खचलेल्यावर. रोख कुठे गेली याची रुखरुख कुणाला फार दिवस राहत नाही. टोकन कुठे गेले हे मात्र खेळणाऱ्याला वर्षानुवर्षं आठवतं. मला आठवतं.

२०१६ च्या डिसेंबरातली रात्रपाळी. मी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापाई मशीनवर, सेटर आहे. रात्री साडेदहाचा चहा झालेला, मशीन चालू, दाराच्या काचेवर कूलंट सपसप आदळतोय. टूल ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात मोबाईल उभा करून ठेवलेला. कपची उपांत्य फेरी होती आणि शेवटच्या मिनिटाला गोल खाऊन मी हरलो. छातीत जे झालं ते मी आजही खोटं म्हणणार नाही. वेस्टने बोटं पुसली, लिलावाची यादी उघडली. एक स्ट्रायकर दिसला, वय २९, सगळे तारे भरलेले. माझ्याकडे टोकन होते सहा. मी खरे पैसे भरले. चारशेच्या वर गेले, तेव्हाच्या माझ्या दिवसाच्या पगाराएवढे.

समोर एक जण हटायला तयार नव्हता. घड्याळाचे शेवटचे सेकंद लाल व्हायचे, मी बोट दाबायचो, तो दाबायचा. पुन्हा घड्याळ, पुन्हा दोघं. चेहरा नाही, आवाज नाही, नावापुढे नुसता झेंडा. आठ झाले, अकरा झाले, चौदा झाले. मला त्या स्ट्रायकरपेक्षा त्या झेंड्याला हरवायचं होतं. सतराव्या टोकनाला तो थांबला आणि खेळाडू माझा झाला.

तेवढ्या वेळात मशीनचं एक चक्र संपून दुसरं सुरू झालं होतं. दुसरा जॉब काढला तेव्हा हाताला बोअर, म्हणजे आतलं भोक, खरखरीत लागला. इन्सर्टची, म्हणजे धातू कापणाऱ्या पात्याची, टिप उडाली होती. मागचा जॉबही तसाच कापला गेला होता. सकाळी सुपरवायझरने रजिस्टरमध्ये दोन रिजेक्ट लिहिले आणि माझी सही घेतली. ते काही बोलले नाहीत, रजिस्टर माझ्याकडे वळवून पेन दिलं. ती सही करताना मला पहिल्यांदा वाटलं की मी रात्री खेळाडू विकत घेतलाच नव्हता. हरल्यावर जो अर्धा तास अंगात आग पेटते, तो अर्धा तास मी विकत घेऊन संपवला होता.

स्ट्रायकरने गोल मारले, तो मोसम चांगला गेला. पण या खेळात वरच्या पायरीवर चढलं की प्रत्येक खेळाडू वीस टक्क्यांनी उतरतो, एक तारा कमी होतो. खेळाडू तोच असतो, आजूबाजूची पातळी वर गेलेली असते. तरुण पोरगा सरावाने ते भरून काढतो. तिशीला टेकलेला काढू शकत नाही, कितीही राबवा, काटा जेमतेम हलतो. तिसऱ्या मोसमाला माझा सतरा टोकनांचा माणूस बाकावर बसला आणि विकायला काढला तर कुणी घेईना.

आमच्या शॉपमध्ये इन्सर्ट ही रोज संपणारी चीज. चार कडा, चारही वापरल्या की डब्यात टाकायची. त्यात वाईट काही नाही, इन्सर्टशिवाय कापणार काय? पण कुणी मशीनच्या हप्त्याचे पैसे इन्सर्टवर घालायला लागला तर मालक त्याला दारात उभा करणार नाही. खेळातही हेच आहे. तयार, पिकलेला खेळाडू म्हणजे इन्सर्ट. सरावाचं मैदान, युवकांची अकादमी, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं हे मशीन. मैदान एकदा वाढवलं की तारे उतरले तरी मैदान उतरत नाही, पुढच्या प्रत्येक पोराला त्याचा लाभ मिळतो. हे मला शॉपमध्ये दहा वर्षं उभा राहून कळत होतं, तरी खेळात कळायला सतरा टोकन आणि दोन रिजेक्ट लागले.

हिरव्या पुड्यांचंही तसंच. नवीन माणूस रोज सामन्याआधी अकराच्या अकरा जणांना पुड्या वाटतो. मीही वाटायचो. पंचावन्नवर आलेला माणूस पंच्याऐंशीला न्यायचा तर दोन पुड्या जातात, अकरा जणांना बावीस, आणि समोर लीगमधला तळाचा संघ. तो काय आपण सत्तर टक्क्यांवर हरवला नसता? दम तसाही वेळ गेला की आपोआप भरतो. पुडीचा खरा उपयोग सरावाला आहे. सरावात दम उतरतो, दम उतरला की पुढचा सराव अडतो. तेव्हा संघातली दोन-तीन लहान पोरं निवडायची, त्यांना राबवायचं, पुडी द्यायची, पुन्हा राबवायचं. एवढं केलं की दोन मोसमांत संघ ओळखू येत नाही.

आता बाबांचं सांगतो, कारण हे सगळं माझ्या डोक्यात त्यांच्या शब्दांत बसलेलं आहे.

बाबा शहापूरच्या एका सोसायटीचे पिग्मी एजंट होते. पिग्मी हा शब्द आमच्याकडे इतका रुळलाय की तो बाहेरचा आहे हे लहानपणी मला माहीतच नव्हतं. तो उडुपीहून आला. तिथल्या एका बँकेने, जी पुढे सिंडिकेट बँक झाली, १९२८ साली ही ठेव सुरू केली. रोज दोन आणे, बँकेचा माणूस दारात येऊन घेऊन जाणार. आणि ती बँक १९२५ साली निघाली होती ती हातमागवाल्यांना हात द्यायला. हे बाबांना फार आवडायचं, कारण त्यांची निम्मी गिऱ्हाइकं वडगावच्या मागाच्या गल्ल्यांतली, साडी विणणारी. लहानपणी सुटीत मी त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून जायचो. गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी पॉवरलूमची खटखट, बोलायचं तर ओरडूनच. विणकर डाव्या हाताने धागा सांभाळत उजव्या हाताने कोनाड्यातली दहाची नोट काढून द्यायचा. बाबा पासबुकात आकडा लिहायचे, सही करायचे. पुढे सोसायटीने हातातलं छोटं मशीन दिलं, त्यातून चिठ्ठी निघायची. त्या चिठ्ठीवरची शाई चार महिन्यांत उडून जाते, म्हणून बाबा मशीन आल्यावरही पासबुकात हाताने लिहीत राहिले. निवृत्त होईपर्यंत.

त्यांचा एक नियम होता. कुणी वर्षाच्या आत पिग्मी मोडायला आला, की ते म्हणायचे, "आज घरी जावा. उद्या सकाळी या, मीच फॉर्म भरून देतो." सकाळी जो आला त्याचा फॉर्म ते खरोखर स्वतः भरायचे, एक प्रश्न न विचारता. पण अर्धेअधिक यायचेच नाहीत. कुणाला संध्याकाळी दुकानात टीव्ही दिसलेला असायचा, कुणाचं भावाशी वाजलेलं असायचं, कुणाला कुणी जमिनीचं काहीतरी सांगितलेलं असायचं. रात्र मध्ये गेली की ते उतरायचं.

त्या दोन रिजेक्टनंतर मी हा नियम खेळात लावला. हरल्या रात्री टोकनाला हात लावायचा नाही. जे काही घ्यायचं ते सकाळी, पाळीला निघायच्या आधी, चहा पिताना. एवढ्या एका सवयीने माझे निम्मे टोकन वाचले असतील. सकाळी तो स्ट्रायकर तेवढा चांगला दिसत नाही, त्याचं वय आधी दिसतं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. साठवणं हेच सुख व्हायला लागलं. शंभर झाले, दीडशे झाले, दोनशेच्या वर गेले. मोबाईल उघडायचा, वरच्या कोपऱ्यातला आकडा बघायचा, बंद करायचा. संघ मात्र म्हातारा होत होता. माझा गोलकीपर चार मोसम टिकला होता, त्याने निवृत्ती जाहीर केली आणि त्याच्या मागे उभा करायला माझ्याकडे कुणी नव्हतं. त्या मोसमात मी चौदा संघांत तेरावा आलो, खिशात दोनशे टोकन घेऊन. पिग्मीवर निदान चार पैसे व्याज चढतं. टोकनावर काही चढत नाही, नुसते आपल्या खेळाडूंवर वर्षं चढतात.

हे मी बाबांना सांगितलं होतं, एका रात्री, वीज गेलेली असताना. त्यांना फुटबॉल कळत नाही, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळाने एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. ती त्यांनी घरात आधी कधी सांगितली नव्हती.

वडगावचा एक विणकर. दोन माग, मुलगी लग्नाची, तिच्यासाठी रोज वीस रुपये पिग्मी. एका संध्याकाळी तो सोसायटीच्या दारात आला. मागाची मोटर जळाली होती, पिग्मी मोडायची होती. बाबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं, आज घरी जावा, उद्या सकाळी या. तो मान हलवून गेला. सकाळी आला नाही. बाबांना वाटलं, निभावलं असेल. दोन महिन्यांनी कळलं की त्याने त्याच रात्री एका खासगी सावकाराकडून महिना पाच टक्क्यांनी पैसे उचलले होते. पुन्हा मागायला येण्याची त्याला लाज वाटली. पिग्मी शाबूत राहिली आणि एक माग विकला गेला.

"मोड म्हणून मीच सांगायला पाहिजे होतं," बाबा म्हणाले. "मोटर काय रात्रीत बरी होते व्हय?"

मुदतीआधी खातं मोडलं की एजंटाचं कमिशन कापलं जातं. ते त्यांनी स्वतःहून सांगितलं, मी विचारलं नव्हतं. आपण त्यामुळे गप्प बसलो नाही, सवयीने बोललो, असं ते म्हणाले. पण सवयीने बोलणं हेही त्यांना लागून राहिलेलं आहे, इतक्या वर्षांनी, हे त्यांच्या आवाजात ऐकू येत होतं. वीज आली तेव्हा ते उठून पंखा लावायला गेले आणि तो विषय तिथेच राहिला.

त्यांचं ते मोटरचं वाक्य माझ्याजवळ राहिलं. रात्रीत बरं होतं ते एक आणि होत नाही ते एक. खेळाडूचा दम रात्रीत भरतो, मग त्यावर पुडी कशाला? स्टेडियमचं बांधकाम चार दिवसांत आपोआप पुरं होणार आहे, मग ते आजच उरकायला टोकन कशाला? हरल्याचा राग तर सकाळपर्यंत राहतच नाही. पण अठरा वर्षांचं पोरगं पुढच्या मोसमात एकोणीसचं होणार, मग वीसचं, आणि शिकायची ती वर्षं परत येत नाहीत. तिथे टोकन अडवून ठेवणं म्हणजे मोटर जळाली असताना पासबुक छातीशी धरणं. उद्या फायनल आहे, एकुलता एक गोलकीपर जायबंदी आहे, तर लाल पुड्या आजच दिल्या पाहिजेत, तिथे रात्र जाऊ द्यायची नाही. वेळ जे फुकट भरून देणार आहे त्याला मी हल्ली टोकन देत नाही. वेळ जे घेऊन जाणार आहे, त्याला देताना हात आखडत नाही.

खऱ्या फुटबॉलमध्येही मला हेच दिसतं. मोसमात सवड मिळाली की आम्ही चौघं दुचाक्यांवर निपाणीमार्गे कोल्हापूरला जातो, शाहू स्टेडियमवर. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, एकेका तालमीच्या, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघाच्या, नावाने गॅलरी उठते. काही तालमी बाहेरून खेळाडू आणतात, चषक जिंकून देतात, पुढच्या साली तो माणूस दुसऱ्या रंगात दिसतो. त्यात चूक काही नाही. पण वर्षानुवर्षं नाव घेतलं जातं ते पेठेतल्या पोराचं. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने विश्वचषकातला भारताचा पहिला गोल केला, ९ ऑक्टोबरला, तो आम्ही मोबाईलवर बघितला, पाच-सहा डोकी एका मोबाईलवर. २-१ ने हरलो तरी आम्हाला हरल्यासारखं वाटलं नाही. त्या पोरांवर कुणीकुणी किती वर्षं सकाळी पाचला उठून घालवली असतील, हे मनात येत राहिलं.

तर रविवार. जेवण झालं, भाचा ओसरीवर बाबांच्या शेजारी येऊन बसला. संघ दाखवला. चांगला होता, पण सगळे सत्तावीस-अठ्ठावीसच्या पुढचे. सरावाचं मैदान अजून खालच्याच पायरीवर.

"फायनल आज हाय मामा. रात्री आठला." त्याने लिलावातला एक स्ट्रायकर उघडला. वय ३०. मला माझी रात्रपाळी आठवली. मी मैदानाचं सांगितलं, लहान पोरांचं सांगितलं, तारे कसे उतरतात ते सांगितलं. त्याने सगळं ऐकलं आणि पुन्हा म्हणाला, "पण फायनल आज हाय."

आणि मला त्याचं खोटं म्हणता येईना. वर्गातली चार पोरं याच खेळात आहेत, उद्या शाळेत त्याच फायनलची चर्चा. चौदाव्या वर्षी ही फायनलही रात्रीत बरी होणाऱ्यातली आहे की नाही, हे मी कोण ठरवणार?

बाबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी विचारलं, "हे भिशीच्या लिलावासारखं हाय काय?" मी हो म्हटलं. आमच्याकडे लिलाव भिशीत ज्याची नड मोठी तो जास्त सोडून पैसे उचलतो. नड तोंडावर दिसली की बाकीचे बोली चढवतात. बाबांनी भाच्याला जुन्या कॅलेंडरचं पान फाडून आणायला लावलं, मागच्या कोऱ्या बाजूवर आकडा लिही म्हणाले. "बोलीला बसायच्या आधी लिहायचा. नंतर लिहिलेला आकडा आपला नसतोय."

त्याने बराच विचार केला. आधी १५ लिहिलं, खोडलं, ८ लिहिलं. पान सतरंजीवर ठेवून त्यावर तांब्या ठेवला.

बोली सुरू झाली. तीन, चार, पाच. समोर कुठला झेंडा होता ते मला कळलं नाही. सहा, सात. आठ झाले. घड्याळ लाल झालं, त्याचं बोट काचेच्या अर्धा इंच वर, आणि शेवटच्या सेकंदाला समोरच्याने पुन्हा दाबलं. भाच्याने पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे. खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या ओठांवर "अजून एक" आलं होतं. एवढी वर्षं होऊनही आलं होतं. मी बाबांकडे बघितलं, ते तांब्याकडे बघत होते. घड्याळ संपलं. भाच्याने मोबाईल सतरंजीवर पालथा घातला आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आला नाही. अक्का म्हणाली, काय केलंत रे पोराला.

सातच्या बसने आम्ही निघालो. मच्छे, पिरनवाडी मागे गेली, उद्यमबागचे दिवे दिसायला लागले, तेवढ्यात आठ वाजले. फोन आला नाही. बाबांनी एकदा विचारलं, झाली काय मॅच. मी म्हटलं, चालू असेल.

सोमवारी सकाळी पहिल्या चहाच्या सुटीत मेसेज बघितला. "मामा काल २-१ ने हरलो. रात्री काय घेतलं नाही. आज उठून १८ वर्षांचा लेफ्ट बॅक घेतला. ३ टोकनात. मैदान पण वाढवायला घातलंय. आज्जाला सांग."

संध्याकाळी घरी येऊन सांगितलं. बाबांनी चष्मा काढून पुसला.

"लेफ्ट बॅक म्हणजे कुठं उभा राहतोय?"

त्यांच्या कपाटात अजून चिल्लरचा डबा आहे, पिग्मीच्या दिवसांतला, सुटे द्यायला लागायचे म्हणून ठेवलेला. तो आणला. फरशीच्या चार चौकोनांचं मैदान केलं. गोलकीपरला पाचाचं नाणं, बाकी सगळे रुपये, चार मागे, चार मधे, दोन पुढे. बाबा खाली वाकून बघत होते. त्यांनी डाव्या कडेच्या मागच्या रुपयावर बोट ठेवलं.

"हा?"

"हा."

"एकटाच दिसतोय कडेला," ते म्हणाले, आणि डब्यात हात घालून त्याच्या पुढ्यात कुणाला उभं करायचं ते विचारायला लागले.